तीन माड आणि एक पिल्लू

ज्या दिवशी ते पिल्लू आमच्या घरात आलं, त्या दिवशी त्याचं वजन एका सोललेल्या नारळाएवढं होतं आणि त्यातलं निम्मं वजन दातांचं होतं. मी गोष्ट थोडी वाढवून सांगतो अशी गावात माझी ख्याती आहे. म्हणून आधीच कबूल करून टाकतो: पुढे जे सांगणार आहे त्यात चार आणे मी वाढवलेलं आहे. उरलेले बारा आणे पिल्लानेच वाढवून ठेवले होते, त्याला मी काय करणार?

ते आणलं कोळीण मावशीने. मावशी रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन आमच्या आळीत येते. त्या दिवशी पाटीत बोंबलांच्या शेजारी हे बसलं होतं, आणि बोंबलांपेक्षा जास्त ओलं होतं.

"घे दादा," मावशी म्हणाली. "वाघ हाय वाघ. वाडीत एक माकड न्हाय येनार परत."

माकडांनी त्या वर्षी आमचा जीव नको केला होता. शहाळं धरलं रे धरलं की ही हजर. शिवाय बायको त्या वेळी मागच्या खोल्यांमध्ये चादरी बदलायला गेली होती, त्यामुळे घरातला कर्ता पुरुष या नात्याने निर्णय घ्यायची मला वर्षातून एकदा मिळते तशी संधी मिळाली. मी पिल्लू उचललं. त्याने माझा अंगठा उचलला.

"बघ," मावशी खूश होऊन म्हणाली, "वळखलान तुला!"

मागच्या खोल्यांचं सांगायला हवं, कारण सगळा मामला त्यांच्यावरच येऊन अडला. काही वर्षांपूर्वी वादळाने आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या आणि चारदोन सोडून सगळे माड एका दुपारात आडवे केले. सकाळी घरातून आभाळ दिसत नव्हतं, संध्याकाळी आभाळाशिवाय काही दिसेना. मी म्हणालो, परत झाडं लावू. बायको म्हणाली, "झाडं लावूच. पण ती मोठी होईपर्यंत खायचं काय, वारा?" आणि मोकळ्या पडलेल्या जागेत तिने दोन खोल्या बांधल्या, पाहुण्यांसाठी. मुंबईची माणसं मांडव्याला बोटीतून उतरतात, पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने गाडीने येतात, दोन दिवस समुद्र बघतात आणि आमच्या माजघरात बसून तिच्या हातचं जेवतात. त्या दोन खोल्या म्हणजे बायकोने पडलेल्या वाडीतून परत उभं केलेलं घर होतं. त्यांच्या बाबतीत ती थट्टा सहन करत नाही. माझी तर नाहीच.

तर पहिल्या आठवड्यात पिल्लाने काय काय चावलं त्याची यादी देत नाही, त्यापेक्षा काय चावलं नाही ते सांगणं सोपं. विहीर चावली नाही. बाकी आईची वहाण, माझी लुंगी, फोनची वायर, खुर्चीचे तीन पाय (चौथा शोभेला ठेवला), आणि शनिवारी ठाण्याहून आलेल्या एका सद्गृहस्थांचा पायमोजा. पायमोज्यात त्या वेळी पाय होता.

सद्गृहस्थ काही बोलले नाहीत. सोलकढीची दुसरी वाटी न मागता उठले, एवढंच. पण माझ्या बायकोच्या हातची सोलकढी दुसऱ्यांदा न मागता कोणी उठणं हा आमच्या घरात भूकंप आहे.

ते गेल्यावर बायकोने मला, आईला आणि पिल्लाला पडवीत समोर बसवलं.

"पुढच्या रविवारी पाहुणे येतायत," ती म्हणाली. "बरोबर लहान मुलगी आहे. तोपर्यंत याचं हे घरातलं चावणं बंद झालं तर राहील. रविवारी घरात एकाला जरी दात लागला, तर सोमवारी मावशीच्या पाटीतून परत."

"अगं पण मावशी त्याला बोटीवर टाकणार," मी म्हणालो. "उंदरांच्या मागे. एवढंसं पोर ते, समुद्रात..."

"मुलीला चावलं तर आपण कुठे जाणार, ते सांगा. आणि नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की जीव अडकतो."

आईने तोवर अकरा नावं काढून ठेवली होती. तिने ती निमूटपणे मनात परत भरली. मी पिल्लाकडे बघितलं. ते माझ्या लुंगीची गाठ सोडवण्यात गुंतलं होतं. खरं सांगतो, इथे एक आणाही वाढवत नाही: त्या आठ दिवसांत माझा जीव नावाशिवायच अडकला होता. रात्री ते माझ्या पावलांवर हनुवटी ठेवून झोपायचं. झोपेत चावत नसे, हा त्याचा मोठा गुण.

"माझ्यावर सोड," मी म्हणालो. "लहानपणी मी बैलाला जिना उतरायला शिकवलं होतं."

"कोणाचा बैल?" आईने विचारलं.

बैल कोणाचा होता हे महत्त्वाचं नाही. जिना आमचा होता.

माझी पद्धत साधी होती: पिल्लाने दात लावला की मोठ्याने ओरडायचं. आता इथे वाडीत राहणाऱ्या माणसांच्या घशाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. वाडी लांबट असते. एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला समुद्राचा वारा, मध्ये झाडं आणि पाण्याचा पंप. घरातून वाडीतल्या माणसाला चहाला बोलवायचं तर फोन उपयोगाचा नाही, कारण फोन घरात चार्जिंगला आणि माणूस चिखलात. म्हणून आम्ही कुकारा घालतो. पोटातून निघालेली अशी लांबलचक हाक की ती ऐकून माणूस चहाला येतोच, कधीकधी तीन वाड्यांतली माणसं चहाला येतात. माझ्या आईचा कुकारा तर असा आहे की लग्न करून आली तेव्हा तिच्या पहिल्याच हाकेला समुद्रातली एक बोट वळून किनाऱ्याला लागली होती. वादळात झाडं पडल्यापासून तो आणखी लांब जातो, मध्ये अडवायला फारसं काही उरलेलं नाही.

असा आमचा घसा. पिल्लू माझ्या पोटरीला लागलं की मी "हाऽऽड!" करायचो. माझं ऐकून आई माजघरातून "काय झालं रेऽऽ!" करायची. आईचं ऐकून बायको स्वयंपाकघरातून "परत चावलं काऽऽ!" करायची. आणि पिल्लू? पिल्लाचे कान उभे, शेपटीचा पंखा, डोळ्यांत जत्रा. ते माझी पोटरी सोडायचं आणि पडवीतून माजघर, माजघरातून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून परत पडवी अशा फेऱ्या सुरू करायचं, आणि प्रत्येक फेरीला वाटेत जो पाय सापडेल त्याची हजेरी घ्यायचं.

संध्याकाळी तर विचारू नका. दिवेलागणीला त्याच्या अंगात यायचं. मंगळवारी आई देवापुढे दिवा लावायला वाकली आणि याने तिच्या पायाचं बोट धरलं. आईने आयुष्यभराची सगळी हवा गोळा करून असा काही कुकारा घातला की निरांजन विझलं. पाच मिनिटांत शेजारच्या तीन वाड्यांमधली माणसं काठ्या घेऊन दारात. एकाच्या हातात कोयता.

"साप कुठे आहे?"

"साप नाही," मी म्हणालो. "पिल्लू."

"पिल्लू गिळलं सापाने?"

तेवढ्यात गर्दीच्या पायांच्या जंगलात पिल्लू शिरलं. एवढे पाय त्याने जन्मात पाहिले नव्हते. आनंदाने वेडं होऊन त्याने सात जणांना प्रसाद दिला. आठवा मी होतो, पण मला आता कोणी धरत नाही.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हशीला बघायला जनावरांची डॉक्टर आली. नवीनच बदलून आलेली, लहानखुरी बाई, आवाज इतका हळू की म्हैससुद्धा कान टवकारून ऐकत होती. पिल्लाच्या टोचण्या तिनेच केल्या होत्या. मी तिला हाताला धरून ओढायचंच काय ते बाकी ठेवलं.

ती पडवीत आली, पिल्लाने झेप घेतली आणि तिचा हात धरला. मी ओरडायला तोंड उघडलं, तर तिने दुसऱ्या हाताने मला गप्प राहायची खूण केली. मग तिने काय केलं? काहीच केलं नाही. हात ओढून घेतला नाही, सैल सोडला. पिल्लाकडे बघितलंसुद्धा नाही. मान वर करून आमची कौलं मोजत उभी राहिली. पिल्लाने एकदा चावून बघितलं, दोनदा चावून बघितलं. मग हात सोडला आणि खाली बसून, लाईट गेल्यावर माणूस टीव्हीकडे बघत राहतो तसं तिच्याकडे बघत राहिलं. तेव्हा कुठे तिने वाकून त्याला हळूच थोपटलं.

आई माझ्या कानात म्हणाली, "मंत्र येतो हिला."

"मंत्र नाही, आजी," डॉक्टरीणबाई हसल्या. "ते चावत नाहीये, खेळतंय. भावंडांत असतं तर जोरात चावल्यावर समोरच्याने खेळच सोडून दिला असता. दोनचारदा असं झालं की पिल्लाला कळतं, दात लावले की मजा संपते. इथे भावंडं नाहीत, तुम्ही आहात. चावल्यावर तुम्ही काय करता?"

आईने करून दाखवलं. म्हशीने दावं तोडलं.

कानातून बोट काढून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, आपलं ओरडणं त्याला भुंकणं वाटतं. त्याला वाटतं, घरातली तिन्ही मोठी कुत्री खेळायला आली."

बायकोने माझ्याकडे बघितलं. तिघांपैकी एकाबद्दल तिला शंका नव्हती असं त्या बघण्यावरून वाटलं.

मग बाईंनी सगळं समजावलं. दात लागला की खेळ बंद, आवाज बंद, हात बांधून गप्प उभं राहायचं. हिसका द्यायचा नाही, पळायचं नाही, मारायचं तर मुळीच नाही. ते शांत झालं की मगच लाड. अंगावर उड्या मारत आलं तर बघायचंही नाही, चारही पाय जमिनीला लागले की बोलायचं. दात शिवशिवतात म्हणून त्याला त्याचं स्वतःचं काहीतरी चावायला द्यायचं: जुना पंचा ओला करून, पीळ देऊन, गाठ मारून फ्रीजमध्ये ठेवा, थंड थंड चावायला बरं वाटतं. आणि संध्याकाळचं वेड म्हणजे दमलेल्या पोराची किरकिर आहे, त्याला त्या वेळी शांत कोपऱ्यात नेऊन झोपवा. शहाण्यासारखं बसलं की उकडलेल्या माशाचा तुकडा, काटा काढून, मीठ न घालता. "पण," त्या म्हणाल्या, "घरातल्या सगळ्यांनी एकच केलं पाहिजे. दोघं गप्प आणि एक ओरडणारा, असं चालणार नाही."

तिघीही माझ्याकडे बघू लागल्या. म्हैससुद्धा.

"म्हणजे आपण माड व्हायचं," आईने एका वाक्यात निकाल लावला. "माकड चढलं म्हणून माड कधी ओरडतो का?"

त्या दिवसापासून आमच्या घरात तीन माड उगवले.

पिल्लाला शिकवायला वेळ लागला नाही, वेळ आम्हाला लागला. पहिल्या दिवशी मी सलग तीन मिनिटं गप्प बसलो. हा माझा जागेपणीचा विक्रम होता. आईचं तर असं झालं की बोलणं आत दाबून ठेवल्यामुळे तिला उचकी लागली, आणि उचकीसुद्धा तिन्ही वाड्यांना ऐकू गेली. आम्ही खुणा ठरवल्या. कपाळाला हात म्हणजे चहा. कानाला हात म्हणजे पंप बंद कर. दोन्ही हात छातीशी बांधले म्हणजे माड, पिल्लू येतंय. बाजारातून मी परत आलो की पिल्लू उसळत दारात येई आणि मी पिशव्या हातात धरून, आभाळाकडे बघत, दारातच उभा. पोस्टमन एकदा पाच मिनिटं माझ्या शेजारी उभा राहून आभाळात शोधत होता. शेवटी म्हणाला, "विमान दिसतंय का?"

फ्रीजमधल्या पंच्यानेही एक गोंधळ केलाच. मी वाडीत पाणी लावून घामाने निथळत आलो, फ्रीज उघडला, गार पंचा दिसला. वाटलं, बायकोला माझी किती काळजी! तोंड पुसलं, मान पुसली. मग वास आला. बायको मागे उभी राहून हसत होती, पण नियमाप्रमाणे आवाज न करता, त्यामुळे तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

आमच्या घरातून आवाज येईना, तशी आळीला काळजी लागली. गुरुवारी एक जण हळूच विचारून गेला, वाटणी झाली का. शुक्रवारी सकाळी दोघी शेजारणी आईला भेटायला आल्या आणि सांत्वन करायचं की अभिनंदन, हे न कळून पोहे खाऊन गेल्या.

खरी पंचाईत कोळीण मावशीची. तिची "म्हावरं घ्याऽऽ" आमच्या आळीत शिरली की पिल्लाचं सकाळचं वेड सुरू व्हायचं, आणि ते धावत जाऊन तिच्या लुगड्याचा काठ धरायचं. मी तिला बाहेर गाठून सगळं सांगितलं.

"म्हंजे मी मुकी होऊ?" मावशी भडकली. "चाळीस वर्सं ह्या गळ्यावर धंदा केलाय!"

"रविवारपर्यंत. नाहीतर तुझा वाघ तुझ्या पाटीत परत."

मावशीने पाटी खाली ठेवली. पिल्लाकडे बघितलं. "बोटीवर बांधला तर मोटा व्हईल, पन शाना न्हाय व्हनार," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशीपासून आमच्या आळीत कुजबुजत मासळी विकू लागली. घरोघरी दाराशी येऊन, इकडेतिकडे बघून, कानाशी: "सुरमई हाय." लोकांना वाटलं चोरीची आहे. त्या आठवड्यात तिची पाटी आमच्या आळीतच रिकामी व्हायची.

आणि या सगळ्या शांततेत एक गोष्ट झाली, ती लिहिताना मला हसू येत नाही, तरी लिहितो. शुक्रवारी दुपारी मी पडवीत पिल्लाला मांडीशी घेऊन बसलो होतो. ते पंचा चघळत होतं. घरात इतकं शांत होतं की पाटातून झाडांच्या बुडाशी पाणी जाताना ऐकू येत होतं. आणि स्वयंपाकघरातून बायको गुणगुणत होती. नारळ खवताखवता, स्वतःशीच. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती गुणगुणते हे मला माहीत नव्हतं. ती रोजच गुणगुणत असणार. मीच रोज बोलत होतो.

संध्याकाळी तिने त्याला स्वतः कोपऱ्यातल्या गोणपाटावर नेऊन बसवलं. ते दोनदा उठलं, तिने दोनदा परत बसवलं, न बोलता. तिसऱ्यांदा ते आडवं झालं. ती जरा वेळ तिथेच बसून राहिली. मी बघतोय हे लक्षात आल्यावर पटकन उठली आणि म्हणाली, "रविवार व्हायचाय अजून."

रविवार झाला.

पाहुणे दुपारी आले. नवरा, बायको आणि पाच वर्षांची मुलगी. मुलगी गोड होती, पण तिचा आवाज. माझ्या आईने तो ऐकला आणि एका कलावंताने दुसऱ्याला दाद द्यावी तशी मान डोलावली. घरात पाऊल टाकताच मुलीला पिल्लू दिसलं, आणि तिने जो आनंदाचा चीत्कार केला त्याने फडताळातले पेले एकमेकांना लागले. मग ती हात वर करून धावली. माजघरातून पडवी, पडवीतून माजघर. नेमका आमच्या पिल्लाचाच जुना मार्ग.

पिल्लू पाच दिवस जे शिकलं होतं, ते सगळं त्याच्या चेहऱ्यावरून उतरताना मी डोळ्यांनी पाहिलं. कान उभे. शेपटीचा पंखा. आणि सुटलं. पुढे मुलगी, मागे पिल्लू, फ्रॉकच्या घेरापासून दात दोन बोटं.

मुलीचा बाप ओरडला, "पकडा! पकडा त्याला!" मुलीची आई खुर्चीवर चढली. माझी बायको घावनांची ताटली हातात धरून दारात उभी, आणि तिच्या चेहऱ्यावर सोमवार दिसत होता.

आता इथे मी काय करायला हवं होतं? माड. सगळ्या गावाला मी पाच दिवस तेच सांगत होतो. चहाच्या टपरीवर उभं राहून करूनही दाखवलं होतं. आणि मी काय केलं? दोन्ही हात वर करून, मध्ये उडी मारून, पोटातून, बेंबीच्या खालून, बापजाद्यांच्या सगळ्या वाड्यांमधून असा कुकारा घातला की बाहेर शहाळं पडलं. ते मी चार आण्यांत धरत नाही. ते खरंच पडलं.

पिल्लाला कोण आनंद! पाच दिवस मुका झालेला आपला सगळ्यात मोठा कुत्रा परत भुंकला! त्याने मुलीचा नाद सोडला, वळलं, आणि माझ्या पोटरीला कडकडून भेटलं.

मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि लुंगी खाली सोडली. कोणाला दिसलं नसेल, असं मला वाटलं.

पण पोटरीने त्याचं समाधान होईना. ते परत मुलीकडे वळलं. तेव्हा आई पुढे झाली. धावली नाही, ओरडली नाही. मुलीजवळ जाऊन उभी राहिली, हात छातीशी बांधले, आणि ज्या बाईच्या हाकेने बोट वळली होती ती बाई कुजबुजली, "बाळा, माड हो."

"माड म्हणजे?"

"नारळाचं झाड. झाड पळतं का? बोलतं का?"

मुलगी थांबली. डोळे मोठे करून, दोन्ही हात वर करून, बोटं पसरून झाड झाली. वर हात बघून पिल्लू उडी मारायच्या बेतात.

"झावळ्या खाली," आई कुजबुजली. "वारा पडलाय."

मुलीने हात खाली घेतले, बांधले. खुर्चीवर तिची आई, दारात तिचा बाप, ताटली धरून माझी बायको, पोटरी धरून मी. आमच्या माजघरात वादळाच्या आधीसुद्धा एवढी झाडं उभी नव्हती. पिल्लू मुलीभोवती एक चक्कर मारून आलं. तिच्या पायाची बोटं हुंगली. तोंड उघडलं. मी डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा पिल्लू तिथे नव्हतं. ते कोपऱ्यातल्या गोणपाटाकडे गेलं होतं. तिथून आपला पंचा फरफटत आणला, मुलीच्या पायाशी ठेवला आणि चारही पाय जमिनीला टेकवून बसलं. आईने मुलीच्या हातात माशाचा तुकडा ठेवला. मुलीने तो हळूच पुढे केला. पिल्लाने तो जिभेने उचलला, नुसत्या जिभेने.

"चावला नाही," मुलगी कुजबुजली. आमच्या घरात आल्यावर सगळेच कुजबुजायला शिकतात.

बायकोने ताटली टेबलावर ठेवली, माझ्याजवळ आली आणि मला म्हणाली, "लुंगी वर करा."

"अगं पाहुणे आहेत."

"पोटरीपर्यंतच."

चार लाल ठिपके होते. मी म्हणालो, काटा आहे. मग म्हणालो, डास आहे. मग म्हणालो, जन्मखूण आहे, आईला विचार. आईने कौलांकडे बघितलं.

"दात लागलाय," बायको म्हणाली. "घरात. रविवारी."

मी काही बोललो नाही. पाच दिवसांत मी गप्प राहायला शिकलो होतो, पण ते गप्प राहणं आणि हे गप्प राहणं वेगळं होतं. पिल्लू येऊन माझ्या पावलांवर हनुवटी ठेवून बसलं होतं. त्याला काय माहीत आज कोण वार.

"तुम्ही ओरडलात," बायको म्हणाली. "एवढ्या जवळून ओरडलात तर मीही चावले असते. जा, साबणाने धुवा. आणि डॉक्टरांना दाखवून या."

"मग सोमवारी..."

"सोमवारी मावशीकडून पापलेट घ्यायचंय. एवढंच."

मुलगी पिल्लाशेजारी फरशीवर बसली होती, हात बांधूनच. तिने मान वर केली. "याचं नाव काय?"

मी आईकडे बघितलं. आईने मनातली अकरा नावं उघडायला सुरुवात केली. पण तिच्या तोंडून पहिलं बाहेर पडायच्या आत बायको बोलली. ताटलीतलं घावन मोडता मोडता, अगदी हळू, जणू नाव केव्हाचं ठरलेलं आहे आणि आम्हालाच माहीत नव्हतं. आणि पिल्लाने कान हलवून तिच्याकडे बघितलं. म्हणजे त्यालाही माहीत होतं. आमच्या पाठीमागे त्या दोघांचं किती दिवस चाललं होतं कोण जाणे.

आता तो मोठा झाला आहे, वाडीत माकडांशी त्याची मैत्री आहे, आणि घरात कोणाला दात लावत नाही, मी ओरडलो तर सोडून. नाव विचाराल तर मी इथे लिहीत नाही. ते हळू आवाजातच घ्यायचं, असा घरचा नियम आहे, आणि हळू कसं लिहायचं ते मला अजून जमलेलं नाही.